आठ फुटांच्या कटआउटमध्ये लोखंडी जिना बसेल का?

नमस्कार. आपला प्रश्न मी जसा समजलो तसा आधी मांडतो, म्हणजे पुढचे वाचताना कोणालाही अडचण पडणार नाही. सिंहगड रस्त्यावर आपल्या वडिलांनी बांधलेले दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावर इतकी वर्षे भाडेकरू होते आणि त्यांचा जिना बाहेरून होता. आता मुलगा आणि सून वर राहणार असल्याने हॉलमधून आतला जिना हवा आहे. वडिलांनी दूरदृष्टीने स्लॅबमध्ये आठ फूट बाय चार फुटांचा कटआउट, म्हणजे जिन्यासाठी मोकळी चौकट, ठेवून तो कडाप्प्याने झाकून ठेवला होता. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंतची उंची १० फूट ४ इंच आहे. तीन फॅब्रिकेटर येऊन गेले: एकाने चार फुटी गोल जिना सांगितला, दुसऱ्याने मधोमध एकच बॉक्स (चौकोनी पोकळ पाइप) आणि त्यावर सागवानी पायऱ्या असा सरळ जिना सांगितला, तिसऱ्याने दोन चॅनेल (इंग्रजी सी आकाराचे लोखंडी बार) आणि चेकर्ड प्लेटचा (उठावाची नक्षी असलेल्या पत्र्याचा) सरळ जिना सांगितला. तिघांच्या भावात दुपटी-तिपटीचा फरक आहे. घरात सत्तरीच्या आई आहेत. यातला कोणता जिना करावा आणि भाव इतके वेगळे का, असे आपण विचारले आहे.

पुण्यात आणि आसपास जिने करण्यात माझी पंचवीस वर्षे गेली आहेत, आणि या अनुभवावरून सांगतो की आपला खरा प्रश्न गोल की सरळ हा नाही आणि लोखंड की स्टील हाही नाही. आपला प्रश्न कटआउटचा आहे. तिघांपैकी एकानेही डोक्यावरच्या उंचीचा विषय काढला नाही, हे वाचून मला थोडे आश्चर्य वाटले आणि थोडे वाटलेही नाही.

हिशोब करून पाहू. १० फूट ४ इंच म्हणजे ३१५० मिमी. त्याचे १८ समान चढ केले तर एक चढ १७५ मिमीचा होतो. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे, म्हणजे देशाच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे, घरातल्या पायरीचा चढ जास्तीत जास्त १९० मिमी आणि पायरीची रुंदी कमीत कमी २५० मिमी असावी, त्यामुळे १७५ आणि २५० ही जोडी नियमात बसते. चढाची दुप्पट अधिक पायरीची रुंदी ही बेरीज ६०० ते ६४० मिमीच्या दरम्यान आली की पाय आपोआप पडतो, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. इथे ती बरोबर ६०० येते, म्हणजे जिना किंचित आखूड पावलाचा, पण वयस्कर माणसाला चालण्याजोगा. १८ चढांना १७ पायऱ्या लागतात, कारण अठरावी पायरी म्हणजे वरची फरशीच. जमिनीवर जिन्याची आडवी लांबी १७ गुणिले २५०, म्हणजे ४२५० मिमी, सुमारे १४ फूट होते.

आता डोके कुठे लागेल ते पाहा. स्लॅब, वरचा मसाला-फरशी आणि खालचे प्लास्टर मिळून १९० मिमी धरले, तर खालच्या फरशीपासून छताचा तळ २९६० मिमीवर येतो. कोड २.२ मीटर मोकळी उंची मागतो. म्हणजे छताखाली असताना माणूस फार तर ७६० मिमी चढू शकतो, चार पायऱ्या. पाचव्या पायरीवर पाऊल ठेवताना त्याच्या डोक्यावर स्लॅब नसला पाहिजे. पाचव्या पायरीच्या नाकापासून, म्हणजे पुढच्या कडेपासून, वरच्या फरशीच्या कडेपर्यंत १३ पायऱ्या उरतात, म्हणजे कटआउट किमान ३२५० मिमी, जवळजवळ ११ फूट लांब हवा. आपला आहे ८ फूट. त्या आठ फुटांत हाच सरळ जिना बसवला तर आठव्या पायरीवर, १४०० मिमी उंचीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर १५६० मिमी जागा राहील. पाच फूट एक इंच. आपली सून रोज वर जाताना तिथे मान वाकवील, आणि पाहुण्यांना ती सवय नसेल.

यावर फॅब्रिकेटर दोन उपाय सुचवतात. एक म्हणजे जिना उभा करणे. चढ २१० आणि पायरी २०० केली तर जिना आठ फुटांच्या कटआउटमध्ये बसतो, पण मग ती शिडी होते आणि उतरताना टाच टेकायला जागा राहत नाही. गच्चीवर टाकीपर्यंत जायला अशी शिडी ठीक आहे. सत्तरीच्या आईंसाठी नाही. दुसरा उपाय म्हणजे जिना वळवणे. मिडलँडिंग (मधला सपाट टप्पा) घेऊन जिना उलटा फिरवला तर लांबी वाचते हे खरे, पण मग दोन ओळी शेजारी-शेजारी बसवायला सुमारे दोन मीटर रुंदी लागते, आणि आपल्याकडे चार फूट आहे. खालच्या चार पायऱ्या काटकोनात वळवल्या तर हॉलमधली जागा वाचेल, पण डोक्याचा प्रश्न तसाच राहील, कारण ७६० मिमीनंतरची सगळी चढण कटआउटच्या आतच व्हावी लागते.

राहिला गोल जिना. कोडप्रमाणे त्याचा व्यास १५०० मिमीपेक्षा कमी नसावा, आणि आपला कटआउट १२०० मिमी रुंद आहे. चार फुटी गोल जिन्यात मधला पाइप वजा जाता पायरीची लांबी कशीबशी सव्वापाचशे ते साडेपाचशे मिमी उरते. त्यातला आतला निम्मा भाग पाय ठेवण्याच्या कामाचा नसतो. गोल जिन्याची आणखी एक अडचण फार थोडे लोक सांगतात. एका फेऱ्यात १२ पायऱ्या धरल्या तर आपल्या डोक्यावर बाराव्या पायरीचा तळ येतो. चढ १७५ ठेवला तर १२ चढांचे २१०० मिमी होतात आणि पायरीची जाडी वजा केली की डोक्यावर २०५० मिमी उरतात. म्हणून कारागिराला चढ १९५-२०० करावाच लागतो. गोल जिना दमवतो तो कारागिराच्या चुकीने नव्हे, भूमितीने. शिवाय वर गादी, कपाट, वॉशिंग मशीन कसे नेणार हा प्रश्न आहेच. आपल्या घरासाठी मी गोल जिना करणार नाही, आणि चार फुटी तर कोणाच्याच घरी करणार नाही.

तेव्हा उत्तर एकच उरते: कटआउट तीन-साडेतीन फुटांनी वाढवणे. इथे मात्र फॅब्रिकेटरने हात आखडता घ्यावा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवावे. वाढवता येईल की नाही हे मी घर न पाहता सांगू शकत नाही, कारण ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे. वाढवायच्या दिशेला बीम आहे का, स्लॅबच्या मुख्य सळ्या कोणत्या दिशेने गेल्या आहेत, आणि कापलेल्या कडेचे वजन कुठे उतरवता येईल. मुख्य सळ्यांना समांतर कापले तर थोड्याच सळ्या तुटतात. त्यांना आडवे कापले तर तिथली प्रत्येक सळई तुटते आणि स्लॅबचा तो भाग अधांतरी राहतो. अशा वेळी कापायच्या कडेखाली आधी लोखंडी बीम घालावा लागतो, तो दोन्ही टोकांना असलेल्या आरसीसी बीमवर टेकवावा लागतो, आणि तो घट्ट बसल्यावरच स्लॅब कापायचा असतो. जुना नकाशा आणि सळ्यांचे ड्रॉइंग घरात कुठे असेल तर आत्ताच शोधून ठेवा. ब्रेकरने फोडू देऊ नका. डायमंड ब्लेडने कापणारे लोक पुण्यात सहज मिळतात. खर्च थोडा जास्त येतो, पण बाजूच्या स्लॅबला हादरे बसत नाहीत. महापालिकेच्या परवानगीबाबत काय करावे लागेल तेही याच इंजिनियरला विचारावे.

आता भावांकडे वळतो. माझा सल्ला असा की भाव रुपयांत विचारण्याआधी किलोत विचारावा. आपल्या मापाचा सरळ जिना तिरका मोजला तर ५.३ मीटर लांब होतो. त्याला दोन्ही बाजूंना १५० मिमीचे चॅनेल लावले, मीटरला साडेसोळा किलोच्या हिशोबाने, तर तेच १७५ किलो झाले. पायऱ्या तीन फूट लांब आणि ५ मिमी प्लेट दुमडून केल्या तर एक पायरी पावणेबारा किलोची होते, सतरा पायऱ्यांचे दोनशे किलो. म्हणजे रेलिंग सोडून पावणेचारशे किलो लोखंड. आता हाच जिना १०० बाय ५० च्या ३ मिमी जाडीच्या बॉक्स पाइपवर आणि ३ मिमी पत्र्याच्या पायऱ्यांवर केला तर त्याचे वजन १९० किलोच्या आसपास येते. रंग दिल्यावर दोन्ही जिने फोटोत सारखेच दिसतात. भावातला निम्मा फरक इथेच आहे, उरलेला सागवान, वेल्डिंगची तऱ्हा आणि रंगकाम यांत आहे.

हलका जिना पडेल असे मी म्हणत नाही. भारतीय मानक ८७५ प्रमाणे घरातल्या जिन्यावर दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ३०० किलो भार धरायचा असतो. आपल्या जिन्यावर तो साडेअकराशे किलोच्या घरात जातो. लग्नाच्या दिवशी जिन्यावर पंधरा माणसे फोटोसाठी उभी राहतात, तेव्हा हा आकडा कागदावरचा राहत नाही. पण रोजचा त्रास वेगळाच असतो: जिना झुलतो. माणूस भरभर उतरतो तेव्हा सेकंदाला तीन-चार पावले पडतात, आणि जिन्याची स्वतःची थरथर त्याच लयीच्या जवळ असेल तर प्रत्येक पावलाला तो हलतो. म्हणून जिन्याची नैसर्गिक कंपने सेकंदाला पाचाच्या वर ठेवण्याचा प्रयत्न केला जातो, आणि त्यासाठी नुसती ताकद नव्हे, खोली असलेला सेक्शन, म्हणजे उभ्या मापाने मोठा लोखंडी बार, लागतो. मी तयार जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहून टाचा उचलून एकदा धपकन टेकवतो. हाताला रेलिंगमध्ये एक झटका जाणवून लगेच विरला तर ठीक. दोन-तीन लाटा मोजता आल्या तर जिना परत वर्कशॉपमध्ये. आपल्या फॅब्रिकेटरने आधी केलेला एखादा जिना पाहायला जा आणि तिथे हे करून पाहा.

मधोमध एकच बॉक्स असलेला जिना दिसायला सुंदर असतो, मलाही करायला आवडतो. त्यात एक गोष्ट तपासावी. माणूस नेहमी पायरीच्या मधोमध पाय ठेवत नाही, कडेला ठेवतो, आणि त्या क्षणी तो मधला बॉक्स पिळला जातो. पीळ सोसण्याचे काम बंद आकाराचा सेक्शन करतो. उघडा चॅनेल ते करूच शकत नाही, मग तो कितीही जाड घेतला तरी. त्यामुळे मध्ये चॅनेल किंवा आय-सेक्शन सुचवणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. आपल्या लांबीला मी १५० बाय १५० चा ६ मिमी जाड बॉक्स धरीन, मीटरला सव्वीस-सत्तावीस किलोचा, आणि मग इंजिनियरकडून तपासून घेईन. बॉक्सची टोके बंद करून सगळीकडून वेल्ड करावीत, नाहीतर आत ओल जाते आणि गंज बाहेरून दिसत नाही.

वेल्डिंगबद्दल एवढेच सांगतो की वेल्ड किती जाड आहे यापेक्षा तो कोणत्या क्रमाने मारला हे मी आधी पाहतो. पायऱ्या धरणारे सतरा ब्रॅकेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग पक्के वेल्ड केले तर उष्णतेने बॉक्स त्या बाजूला ओढला जातो. दोरी ताणून पाहिली की मध्ये सहा-आठ मिमीची कमान सहज दिसते. आम्ही सगळे ब्रॅकेट आधी टॅक (छोटे तात्पुरते वेल्ड) मारून बसवतो, लेव्हल पाहतो, मग तिसरा, बारावा, सातवा असे दूर-दूरचे वेल्ड करतो आणि मध्ये थंड होऊ देतो. यात अर्धा दिवस जास्त जातो. घाईच्या कामात हाच अर्धा दिवस वाचवला जातो आणि मग सागवानी पायऱ्यांखाली पॅकिंग घालत बसावे लागते.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. धंद्याच्या सुरुवातीच्या काळात कोथरूडच्या एका बंगल्यात मी कच्च्या स्लॅबवरून माप घेतले आणि जिना बसवून मोकळा झालो. पुढे खाली संगमरवर आला, मसाल्यासकट ७५ मिमी, आणि वर साधी फरशी, ५० मिमी. परिणाम असा की पहिला चढ १०० मिमीचा झाला, शेवटचा २२५ मिमीचा, आणि मधले सगळे १७५ चे. घरातले प्रत्येक माणूस शेवटच्या पायरीला अडखळायचे. माणसाचे पाय दोन पायऱ्यांत चढ शिकतात आणि पुढे डोळे न लावता तोच चढ धरून चालतात. पाच-सात मिमीचा फरकही त्यांना कळतो. एक पायरी बदलून हे दुरुस्त होत नाही, कारण चूक सगळ्या पायऱ्यांत वाटावी लागते. मी सगळे ब्रॅकेट कापून पुन्हा बसवले, अर्थातच स्वखर्चाने. तेव्हापासून फरशीचा नमुना आणि मसाल्याची जाडी लेखी घेतल्याशिवाय मी चॅनेल कापत नाही. आपल्याकडे दोन्ही मजल्यांवर फरशी आधीच आहे, हे सोयीचे आहे; फक्त ती बदलायचा विचार असेल तर आत्ता सांगा.

जिना कशाला बांधला आहे हेही विचारा. खाली फरशीखाली पोकळ मसाला असतो, त्यामुळे बेसप्लेटच्या (जिन्याच्या पायाखालच्या प्लेटच्या) जागी फरशी कापून खालच्या काँक्रीटपर्यंत जावे लागते. वर जिन्याचे टोक आरसीसी बीमला किंवा नव्या लोखंडी बीमला धरले पाहिजे. जिन्याचे स्वतःचे वजन आणि माणसांचा भार मिळून तिथे पाऊण टनाच्या आसपास वजन येते, ते कापलेल्या स्लॅबच्या नुसत्या कडेवर टाकू नये. विटांच्या भिंतीला फास्टनर (भिंतीत ठोकायचा बोल्ट) मारून जिना लटकवू नये. पेठांतल्या जुन्या वाड्यांत तर विटा चुन्यात किंवा मातीत बसवलेल्या असतात, तिथे फास्टनर पिळला की वीटच फिरते. आणि आजच्या नव्या इमारतींतले हलके ब्लॉक याबाबतीत फारसे वेगळे नाहीत. भिंतीतून निघालेल्या, दुसरे टोक मोकळे असलेल्या पायऱ्या आपण कुठे पाहिल्या असतील, तर त्यांच्यामागे भिंतीत लोखंडाचा पूर्ण सांगाडा लपवलेला असतो असे समजा.

पायऱ्यांसाठी आपल्या घरात मी लाकूडच घेईन, ३५ ते ४० मिमी जाड. उघड्या लोखंडी पायरीचा आवाज रात्री साऱ्या घराला जागा करतो. लाकूड आणि प्लेट यांच्यामध्ये रबराची पट्टी घालावी, आणि प्लेटमध्ये स्क्रूसाठी गोल भोकांऐवजी लांबट खाचा ठेवाव्यात, कारण पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आटलेले लाकूड जुलैत फुगते आणि घट्ट आवळलेले असेल तर चिरते. दोन पायऱ्यांमध्ये मोकळी फट ठेवणार असाल तर नातवंडांचा विचार करा. १०० मिमी व्यासाचा चेंडू जाईल एवढी फट ना रेलिंगमध्ये असावी, ना पायऱ्यांमध्ये. आपल्या १७५ च्या चढातून पायरीची जाडी वजा केली तर १३५ मिमी उरतात, म्हणून मागे एक आडवी सळई द्यावी लागेल.

रेलिंगसाठी स्टेनलेस स्टील घेणार असाल तर ३०४ घ्या, आणि चुंबक लावून ते ओळखता येते यावर विश्वास ठेवू नका. स्वस्तातल्या २०२ लाही चुंबक चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्यावी. लोखंडाला आतल्या जागेत चांगला प्रायमर आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंग पुरतो. पावडर कोटिंग उत्तमच, पण त्यासाठी जिन्याचे तुकडे भट्टीत मावावे लागतात आणि घरी आणल्यावर वेल्ड मारला की तिथले कोटिंग जळते, त्यामुळे जोड बोल्टचे करावे लागतात. तसेही आपल्या दारातून ५.३ मीटरचा सांगाडा अखंड आत येणार नाही, तेव्हा मध्ये एक बोल्टचा जोड धरूनच चाला.

आपण शेवटी नारायण पेठेतल्या दुकानाच्या पोटमाळ्याचाही उल्लेख केला आहे. तिथे हा हिशोब जसाच्या तसा लावू नये. घर सोडून इतर इमारतींसाठी कोड १५० मिमीचा चढ आणि ३०० मिमीची पायरी मागतो, जिन्याची रुंदीही जास्त लागते, आणि ग्राहक वर जाणार असतील तर आग लागल्यावर ते कसे उतरतील हा प्रश्न सजावटीच्या आधी येतो. ते दुकान पाहिल्याशिवाय मी त्यावर अधिक बोलणार नाही.

तेव्हा आपण आधी इंजिनियरकडून कटआउट ११ फुटांपर्यंत वाढवता येईल का ते लेखी घ्यावे. येत असेल तर दोन चॅनेलचा किंवा मध्यभागी बॉक्सचा सरळ जिना, लाकडी पायऱ्यांचा, यापैकी जो आवडेल तो करावा, आणि तिन्ही फॅब्रिकेटरांकडून त्याच एका ड्रॉइंगवर सेक्शन, जाडी आणि एकूण किलो लिहून नवे भाव मागवावेत. येत नसेल तर बाहेरचाच जिना नीट करून त्यावर छप्पर घालणे बरे.

आणि आईंसाठी एक मागणी नक्की करा: हँडरेल फक्त मोकळ्या बाजूला नको, भिंतीच्या बाजूलाही हवी. ४० ते ५० मिमी व्यासाचा गोल पाइप, भिंतीपासून दोन इंच सुटा, पायरीपासून एक मीटरच्या आसपास उंचीवर, आणि शेवटच्या पायरीच्या पुढे एक फूट सरळ नेलेला, म्हणजे दोन्ही पाय फरशीवर टेकेपर्यंत हात सुटत नाही.